दम, लोण आणि घड्याळ

डुप्लिकेट ब्रिजमध्ये तेच पत्ते टेबलामागून टेबल फिरतात आणि फेरी संपली की जोड्या जागा बदलतात. एखादा खेळाडू हातातल्या पानांकडे बघत बसला की पुढची जोडी ताटकळते आणि तिच्यामुळे तिच्यापुढचीही. म्हणूनच या खेळाच्या नियमावलीत विनाकारण संथ खेळणे हा दंडास पात्र दोष मानला आहे. घरच्या मेंढीकोटात हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे जे खेळतात तेच थांबतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दिवसा खेळ रामाच्या पानाने उघडतो आणि रात्री कृष्णाच्या. म्हणजे त्या खेळाला वेळ कोणती हे माहीत होते, पण किती वेळ, याची त्याला फिकीर नव्हती. खेळाला घड्याळ लागते ते बाहेर कोणीतरी आपल्या पाळीची वाट बघू लागतो तेव्हा. आपल्या मैदानी खेळांवर ही वेळ आली त्या इतिहासात बडोद्याचे स्थान मोठे आहे, आणि त्याची दखल मात्र फार थोडी घेतली जाते.

आज बडोद्याच्या उत्तरेकडच्या समा भागात महापालिकेचे इनडोअर क्रीडासंकुल उभे आहे. पण या शहराची खेळांविषयीची शिस्त त्याहून कितीतरी जुनी, गायकवाडी आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तिथले प्राध्यापक माणिकराव यांनी इथे व्यायामाची परंपरा उभी केली. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ पासून दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत काढला, तोही इथूनच. या शहराने खेळ नुसता खेळला नाही, तो लिहूनही ठेवला. हुतूतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे, आधीचे नियम सुधारून बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा भरवली. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधायला घेतले होते. १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने ते छापून काढले. गल्लीतला खेळ तोंडी चालतो, कारण तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. चार गावांहून संघ आले की कागद लागतो. आणि कागदावर पहिल्यांदा उतरवाव्या लागणाऱ्या गोष्टींत खेळ संपणार कधी, ही एक असते.

हुतूतूला स्वतःचे घड्याळ नव्हते असे नाही. चढाई करणाऱ्याचा दम हेच ते घड्याळ. एका श्वासात जायचे, गडी मारायचा आणि श्वास तुटण्याआधी परतायचे. शरीराच्या आतच बसवलेले इतके नेमके मोजमाप जगातल्या फार थोड्या खेळांत सापडेल. पण दम मोजतो ती एक चढाई. सगळा सामना किती चालावा हे तो सांगू शकत नाही. खेळाच्या जुन्या प्रकारांकडे पाहिले की हे स्पष्ट होते. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी आपला संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. सगळे बाद झाले की लोण चढे, आणि पाच किंवा सात लोण होईपर्यंत खेळ चाले. त्याला वेळेची मर्यादा नव्हती. दोन तुल्यबळ संघ भिडले की सामना कुठवर लांबेल हे कोणालाच सांगता येत नसे. आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: पहिल्याच चढाईत बाद झालेला चांगला गडी तासन्‌तास नुसता बघत राही. म्हणजे अमर्याद वेळेचा भुर्दंड फक्त पुढच्या संघावर पडत नव्हता, खेळणाऱ्यावरही पडत होता. संजीवनी प्रकाराने दोन्ही गोष्टी एकदम सोडवल्या. प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक जिवंत होतो, आणि सामना चाळीस मिनिटांत, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती घेऊन, संपतो. पुढे राष्ट्रीय पातळीवर टिकला तो हाच प्रकार.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: देशी खेळाचा प्राण दमात होता, परक्या घड्याळाने तो काढून घेतला. या म्हणण्यामागची आस्था खरी आहे, पण दमाचा न्याय जितका शुद्ध मानला जातो तितका तो कधीच नव्हता. दम तुटला की नाही हे ऐकू येण्यावर अवलंबून, आणि भरल्या मैदानात पंचाचा कान किती पुरणार? चोरून घेतलेल्या श्वासावरून होणारी भांडणे या खेळाइतकीच जुनी आहेत. दुसरा आक्षेप मात्र जास्त वजनाचा आहे. वेळ बांधली की आघाडीवरच्या संघाला वेळ खाण्याचा मोह होतो. निदानरेषा ओलांडायची, कोणाला न शिवता परतायचे, पुन्हा तेच. चाळीस मिनिटे अशी झिजवता येतात. गामिनीत हे कुणाच्या फायद्याचे नव्हते. संथ खेळाचा हा प्रकार घड्याळानेच जन्माला घातला, हे मान्य करायला हवे. ब्रिजमध्येही असाच पेच आहे. तिथे विचाराला वेळ हवाच, पण रेंगाळण्यातून जोडीदाराला हातातल्या पत्त्यांचा सुगावा लागतो, म्हणून नियम सांगतो की खेळाची लय शक्यतो एकसारखी ठेवा. बुद्धिबळाने १८८३ च्या लंडनच्या स्पर्धेत दोन तबकड्यांचे घड्याळ आणले आणि प्रत्येकाचा वेळ त्याच्याच खात्यावर मांडला. एकूण वेळ ठरवून भागत नाही; तो कुणी खर्च केला, याचाही हिशेब ठेवावा लागतो.

या बाबतीत खो-खो मला हुतूतूपेक्षा शहाणा वाटतो. त्यात वेळ ही खेळाच्या बाहेरची चौकट नाहीच, ती खेळाचा ऐवज आहे. नऊ मिनिटांच्या पाळीत पाठलाग करणाऱ्याला घाई असते, पळणाऱ्याला वेळ काढायचा असतो, आणि तो वेळ काढणे म्हणजे टंगळमंगळ नव्हे, जिवाच्या आकांताने पळणे असते. खुंटाला वळसा, हुलकावणी, पुन्हा वळसा: इथे एक एक सेकंद पायांनी मिळवावा लागतो. भरपूर गुण झाले असे वाटले तर पाठलाग करणारा संघ आपली पाळी वेळेआधी मिटवूही शकतो. रेंगाळून फायदा व्हावा अशी जागाच या रचनेत फारशी उरत नाही, म्हणून संथ खेळाला वेगळा दंड शोधण्याची गरज तिथे क्वचितच भासली.

कबड्डीला ती गरज भासली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा चढाईला तीस सेकंदांची मर्यादा होती, आणि लागोपाठ दोन चढाया कोरड्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवा नाहीतर बाद व्हा, असा नियम होता. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकासाठी हे केले, अशी टीका झाली. प्रेक्षकासाठी केले हे खरेच. पण घरी पडद्यासमोर बसलेला माणूसही वाट बघणाराच, आणि त्याचा विचार करणे हे खेळाशी केलेले पाप नाही. दम आजही घेतला जातो, ‘कबड्डी कबड्डी’ आजही एका श्वासात म्हणावे लागते. फरक इतकाच की आता चढाईपटूच्या छातीतले घड्याळ आणि फलकावरचे घड्याळ एकाच वेळी चालतात, आणि जे आधी संपेल ते त्याला मध्यरेषेकडे परत बोलावते.