घोंगडी कुणालाच नको

आमच्या पिंपरी-चिंचवडात शिवजयंती जवळ आली की ड्रेपरीवाल्यांचे दिवस येतात. त्यातून आपल्याकडे तारखेची एक आणि तिथीची एक अशा दोन जयंत्या, म्हणजे धंदाही दोनदा. मंडळाची पोरं येतात, दोन डझन मावळे, चार सरदार आणि एक महाराज असा हिशोब सांगतात आणि गाठोडी बांधून नेतात. मावळ्यांचे कपडे सगळे एका रंगाचे, एका मापाचे. सरदारांना मखमल, महाराजांना जिरेटोप.

मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं. जुन्या पद्धतीचे कपडे शिवायची हौस मला निवृत्तीच्या आधीपासूनची आहे. नातेवाईकांना हे ठाऊक आहेच (आणि काहींना त्याचं हसूही येतं!). आजवर दोन बाराबंद्या, एक अंगरखा आणि एक चोळणा झालाय. त्यामुळे मिरवणुकीत माझं लक्ष घोड्यांपेक्षा शिवणीकडे जास्त असतं. आणि दरवर्षी मनात एकच प्रश्न येतो. हे एकसारख्या कपड्यांतले मावळे आले कुठून?

शिवकाळात नक्कीच नव्हते. सगळ्या सैन्याला एक गणवेश ही आपल्याकडे बरीच नंतरची गोष्ट. १८ व्या शतकात युरोपीय पद्धतीच्या कवायती पलटणी उभ्या राहिल्या, महादजी शिंद्यांसाठी डी बॉइनने उभारल्या तशा, तेव्हा तो रुळला. त्याआधीचा शिपाई घरचेच कपडे घालून लढायला येई. आपल्या डोळ्यांपुढचा मावळा आला तो नाटक कंपन्यांच्या कपडेपटातून आणि सिनेमातून. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३ चा, भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ १९५२ चा. मग १९८० च्या दशकात बाबासाहेब पुरंदऱ्यांचं ‘जाणता राजा’ आलं, हत्ती-घोड्यांसकट. रंगमंचावर शंभर माणसं उभी करायची तर कपडे एकगठ्ठा शिवावे लागतात, आणि लांबून एका सैन्याचे वाटावेत म्हणून एका रंगाचे. ती त्या कलेची गरज होती, त्यात वावगं काही नाही. पण बघता बघता तोच इतिहास झाला. आणि आमच्या पट्ट्यात तर तो लगेच पटतो, कारण पहिल्या शिफ्टला गेटवर जमणारी माणसं आम्ही रोज एका रंगाच्या कपड्यांतच बघतो!

मग खरं काय होतं? राजांपुरतं तरी बरंच सांगता येतं. महाराजांची जवळजवळ समकालीन म्हणावीत अशी चित्रं उपलब्ध आहेत. १६८६ च्या सुमाराचा, गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी रंगवलेला एक चित्रसंग्रह अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे, त्यात महाराज आहेत. आपल्याकडे वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे आणलं. त्याआधी भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. या चित्रांतला पोशाख म्हणजे लांब जामा, कमरेला पटका, डोक्याला पागोटं आणि त्यावर तुरा.

हा जामा किंवा अंगरखा स्वतः शिवून बघितला की पुस्तकात न सापडणाऱ्या गोष्टी कळतात. एकतर याला बटण नाही, सगळे बंद. त्या काळच्या चित्रांत हिंदू माणसाचे बंद बहुधा डाव्या बगलेखाली असतात आणि मुसलमानाचे उजव्या. कपडा जवळपास तोच, फरक तेवढा गाठीच्या बाजूचा. बाराबंदीच्या तर नावातच बारा बंद, म्हणजे सहा गाठी. माणूस सुटला की गाठ सैल बांधायची, वाळला की घट्ट. भाड्याच्या अंगरख्याला पाठीत चेन असते आणि पुढे शोभेचे बंद शिवलेले असतात. घालायला सोपं, पण कपड्याची अक्कल गेली.

दुसरी गोष्ट कापण्याची. हातमागाच्या कापडाचा पन्हा लहान, त्यामुळे जुना कपडा चौकोन आणि कळ्या जोडून होतो. बगलेत एक चौकोनी ठिगळ येतं, त्याला चौबगला म्हणतात. त्याच्यामुळे हात वर केला तरी शिवण उसवत नाही. तलवार चालवणाऱ्याला याचं मोल कळत असणार. आणि चिंधी जवळजवळ वाया जात नाही. पत्रा कापताना वाया जाणाऱ्या मालाचा हिशोब करण्यात माझी नोकरी गेली, मला त्या अनाम शिंप्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

पण हे सगळं राजाचं आणि सरदाराचं. मावळ्याचं काय? त्याचं चित्र कुणी काढलं नाही, आणि त्याचे कपडे अंगावरच झिजून गेले.

इथे चाकण आठवतं. आज एमआयडीसीमुळे गाव जगाला माहीत झालं, पण गावात संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट, म्हणजे सपाटीवरचा किल्ला, सुमारे पंचावन्न दिवस लढवला. शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवला तेव्हा कुठे तो पडला. आता महिने बघा, जून ते ऑगस्ट. म्हणजे अख्खा वेढा भर पावसात. खंदकात पाणी, तटावर चिखल. मखमल सोडाच, सुती बाराबंदीही असल्या पावसात दिवसदिवस वाळायची नाही. तटावर रात्र काढणाऱ्या माणसाला तारणारी वस्तू आपल्या मुलखात एकच, घोंगडी. देशी मेंढीची लोकर, धनगराने सूत काढायचं, खड्ड्याच्या मागावर विणायचं आणि चिंचोक्याची खळ द्यायची. ती ओली झाली तरी ऊब सोडत नाही. १९ व्या शतकातल्या नोंदींत पुणे जिल्ह्यातला कुणबी भेटतो तो लंगोटी, मुंडासं आणि घोंगडी यांत. त्याचा दोनशे वर्षांपूर्वीचा पूर्वज याहून श्रीमंत कपड्यांत असेल असं मला वाटत नाही.

मिरवणुकीत मात्र घोंगडी कुणालाच नको असते. मी एकदा एका मंडळाच्या पोरांना म्हटलं, तुमच्यातल्या चौघांना मी खरा मावळा करतो, एक पैसा नको. पोरं लाजली. एक म्हणाला, “काका, त्यात आम्ही गरीब दिसू ना!”

त्याचं वाक्य मला अजून सुटत नाही. कारण याच घोंगडीचा आपल्या इतिहासात एक मोठा प्रसंग आहे. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी मेजवानी होती. दागिने आणि भरजरी पागोट्यांच्या त्या गर्दीत महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेशात, खांद्यावर घोंगडी टाकून गेले. खरा देश कसा दिसतो हे पाहुण्याला दाखवायला. वेश करणं म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्यांनी आपण गरीब दिसू याची लाज बाळगली नाही. लाज कुणाला वाटायला हवी, ते त्या घोंगडीने सांगितलं.

जिरेटोपाची हौस वाईट नाही. दरवर्षी ६ जूनला रायगडावर हजारो माणसं हौसेने नटून जातात, बघून ऊर भरून येतो. पण राज्य ज्यांच्या खांद्यांवर उभं राहिलं त्या खांद्यांवर मखमल नव्हती. एका डझनात एक तरी घोंगडीवाला मावळा असावा, एवढंच माझं मागणं.

असो. आता नातेवाईक आणि ब्लॉगर मंडळींना एक काम. कुणाच्या घरी ट्रंकेत आजोबा-पणजोबांची बाराबंदी, बंडी, पगडी किंवा कसर लागलेली घोंगडी असेल तर टाकू नका. उलटी करून आतल्या शिवणीचा फोटो काढा आणि मला पाठवा. पैठण्या सगळेच जपतात. मला फाटकं चालेल.