मण्याचं वेज

संग्रहालयात मण्याच्या सरीशेजारच्या पाटीवर दगडाचं नाव असतं, रंग असतो, काळ असतो. त्यातल्या वेजाबद्दल सहसा काही लिहिलेलं नसतं. खरं तर वेज पाडलं नाही तोवर तो नुसता खडाच. मण्याचा सगळा इतिहास म्हणजे अधिकाधिक कठीण वस्तूला अधिकाधिक बारीक आणि लांब भोक पाडत जाण्याचा इतिहास आहे.

सुरुवात शंखांपासून झाली. मोरोक्कोतल्या बिझमून गुहेत समुद्री गोगलगाईंचे भोक असलेले शंख सापडले. त्यांचं वय १,४२,००० ते १,५०,००० वर्षं ठरलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेतले तसेच शंख सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे. दोन्हीकडे शंखांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या आहेत, म्हणजे ते ओवून अंगावर वागवले जात होते. मात्र शंखाचा आकार निसर्गाचा असतो, काही वेळा भोकही त्याचंच. माणसानं फक्त निवडायचं आणि दोरा घालायचा.

आपल्याकडचा फार जुना पुरावा खानदेशातला आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथं शां. अ. साळी यांनी १९७०च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. तेव्हा भारतात शहामृग होते, हे पुढे कवचातल्या डीएनएवरूनही सिद्ध झालं. या मण्यात शंखासारखं आयतं काही नाही. जाड कवचाचा तुकडा तोडायचा, मधोमध गारगोटीच्या टोकानं कोरत भोक पाडायचं, मग कडा घासून गोल करायच्या. क्रम महत्त्वाचा आहे: भोक आधी, गोलाई नंतर, कारण कवच फुटलंच तर ते भोक पाडताना फुटतं. कालाहारीतल्या सान लोकांची पद्धतही हीच आहे.

दगडाची गोष्ट निराळी. अकीक इतका कठीण असतो की पोलादी सुरीनं त्यावर ओरखडा उठत नाही. अशा दगडाला पोलाद नसलेल्या काळात बोटभर लांब वेज पाडणारे कारागीर सिंधू संस्कृतीत होते, आणि मला हे त्या संस्कृतीचं सर्वांत मोठं तांत्रिक यश वाटतं. विटांच्या नगररचनेचं आपण भरपूर कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण सरळ गल्ली आखणं आणि अकीकात सरळ भोक नेणं यांत दुसरं काम कितीतरी अवघड.

ते कसं करत, हे चान्हुदडोतल्या अवशेषांवरून कळलं. अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ मध्ये तिथं उत्खनन केलं, तेव्हा अर्धवट घडवलेले मणी आणि दगडी गिरमिटं अशी आख्खी कार्यशाळाच हाती आली. या गिरमिटांच्या अतिकठीण दगडाला नंतर अभ्यासकांनी मॅके यांच्याच नावावरून ‘अर्नेस्टाइट’ म्हटलं. गिरमिटाचं टोक किंचित रुंद आणि त्यामागची मान बारीक ठेवलेली असे. त्यामुळे वेजात पाणी उतरायला आणि दगडाचा लगदा बाहेर यायला जागा राही. सुताराच्या सामत्यासारखं दोरी लावलेल्या धनुकलीनं ते फिरवायचं, अर्ध्यावर थांबायचं, मणी उलटायचा आणि दुसऱ्या टोकाकडून येऊन मधोमध नेमकं भिडायचं. जोनाथन मार्क केनोयर यांनी तसंच गिरमिट वापरून पाहिलं, तेव्हा वेग निघाला तासाला सुमारे अडीच मिलिमीटर. सहा सेंटिमीटरच्या एका मण्याला चोवीस तास, म्हणजे रोज आठ तास काम धरलं तर तीन पूर्ण दिवस, फक्त वेजासाठी. घडवणं, भाजणं, घोटणं वेगळंच.

भाजणंही विद्या होती. अकीक खाणीतून निघतो तेव्हा बहुधा मातकट-पिवळसर असतो. मडक्यात राखेबिखेत घालून मंद आचेवर तो पुन्हा पुन्हा भाजला की त्यातल्या लोहाचा रंग लाल होतो आणि दगडही नीट छिलता येतो. लाल मण्यावर पांढरी नक्षी काढायची तर धुण्याच्या सोड्यात वनस्पतीचा रस खलून तो लेप रेखायचा आणि पुन्हा भाजायचं. ही रीत मॅके यांना सिंधमधल्या सेहवानच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून समजली. मेसोपोटेमियात ऊरच्या राजघराण्याच्या दफनभूमीत लेनर्ड वूली यांना असे नक्षीचे मणी आणि लांब लाल मणीही सापडले.

या दगडाचं मूळ आपल्या पायाखाली आहे. दख्खनच्या काळ्या लाव्ह्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका साचून अकीक तयार झाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठणहून असे दगड गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. भडोचजवळच्या रतनपूरच्या खाणी आणि खंबायतचे कारागीर अजून आहेत. जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईवर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीनं छिलायची त्यांची पद्धत पाहूनच सिंधूकाळातली पद्धत उमगली. संशोधनाला एवढं देणाऱ्या या लोकांची फुप्फुसं मात्र चाकावर मणी घासताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीनं निकामी होतात. खंबायतचा सिलिकोसिस वैद्यकाला चांगला ठाऊक आहे. त्यांच्या कौशल्यावर लिहिणाऱ्यानं हेही त्याच पानावर लिहायला हवं.

वेजानं आणखी एक काम केलं, जे कारागिराच्या ध्यानीमनी नव्हतं. कापूस, रेशीम, जवसाचा धागा मातीत कुजून जातो. पण मणी तांब्याचा असेल तर त्याचा गंज धाग्यात मुरतो आणि तंतूचा आकार टिकतो. बलुचिस्तानात मेहरगढच्या एका नवाश्मयुगीन दफनातल्या तांब्याच्या मण्यात कापसाचे तंतू असेच सापडले, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या सहस्रकातले. आपल्या उपखंडातला कापसाचा हा सर्वांत जुना ज्ञात पुरावा. चान्हुदडोच्या बारीक मण्यांत रेशीम मिळालं.

आणि नेवासे. प्रवरेकाठी डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातल्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्यातली तांब्याच्या मण्यांची सर मिळाली. तिचा दोरा तपासल्यावर त्यात रेशीम आणि कापूस निघाले. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या चांदोलीलाही एका मुलाच्या गळ्यात तसेच मणी होते. तिथला दोरा जवसाचा. तीन-सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या मराठी मुलखात काय कातलं जात होतं, याचा इतका थेट पुरावा फारच थोड्या ठिकाणी आहे. म्हणून जमिनीतून वर आलेला तांब्याचा मणी लगेच धुऊ नये. हिरवा गंज खरवडून तो चकचकीत करण्याची घाई तर मुळीच नको, कारण धागा असलाच तर त्या गंजातच असतो.