बुद्ध ते बुत : इराणी भूमीवरील धम्माचा मागोवा

फारसी भाषेत ‘बुत’ म्हणजे मूर्ती. मूर्तिपूजकाला ‘बुतपरस्त’ आणि मूर्तिभंजकाला ‘बुतशिकन’ म्हणत, हे मध्ययुगीन इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. हा शब्द ‘बुद्ध’ या नामाचेच रूप होय, याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील बौद्ध धम्माच्या ऱ्हासाची मीमांसा करताना लक्ष वेधले होते. भाषाशास्त्रही या व्युत्पत्तीला दुजोरा देते. मात्र हा शब्द मूळचा अरबी नसून इराणी भाषांमधला आहे, असे आता दिसून येते. ज्या तथागतांनी स्वतःला मोक्षदाता न म्हणता केवळ मार्गदाता म्हटले, त्यांचेच नाव पूजेच्या मूर्तीला पडले. हे कसे घडले, याचा शोध घेतला असता इराणी लोक आणि धम्म यांच्या जवळजवळ बारा शतकांच्या संबंधांचा इतिहास उलगडत जातो.

येथे ‘इराण’ म्हणजे केवळ आजच्या सीमांमधला देश नव्हे. बाल्ख, मर्व, सोग्द हे सारे प्रदेश इराणी भाषा बोलणाऱ्यांचे होते. आज तुर्कमेनिस्तानात असलेल्या मर्व येथे ग्यौर-काला या प्राचीन नगरीच्या तटबंदीत सोव्हिएत काळातील उत्खननात स्तूप आणि विहार उजेडात आले. तेथेच एक चित्रांकित कलश मिळाला व त्यात सर्वास्तिवादी पंथाचे संस्कृत हस्तलिखित आढळले. धम्माच्या पश्चिमेकडील प्रवासाचा हा भक्कम पुरावा होय.

परंतु इराणी लोक केवळ धम्म स्वीकारणारे नव्हते, ते धम्म पोहोचविणारेही होते. इ. स. १४८ मध्ये आन शिगाओ नावाचे पार्थियन भिक्खू चीनची राजधानी लोयांग येथे पोहोचले. ‘आन’ हे उपपद पार्थियाच्या चिनी नावावरून आले आहे. ते राजपुत्र होते व सिंहासन त्यागून त्यांनी चीवर धारण केले, अशी चिनी परंपरा आहे. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत आणणारे ज्ञात असलेले पहिले महत्त्वाचे अनुवादक तेच होत. आनापानसतीची साधना चिनी वाचकांना त्यांच्याच अनुवादातून प्रथम समजली. त्यांच्यामागून इ. स. १८१ मध्ये आन श्वान हा पार्थियन व्यापारी लोयांगला आला. तो भिक्खू नव्हता, उपासक होता. यान फोत्याओ या चिनी सहकाऱ्याच्या साहाय्याने त्याने ‘उग्रपरिपृच्छा’ हा ग्रंथ चिनी भाषेत उतरविला. गृहस्थाने धम्म कसा आचरावा, हा त्या ग्रंथाचा एक प्रमुख विषय आहे. एका व्यापाऱ्याने याच ग्रंथाचा अनुवाद करावा, हे अर्थपूर्ण आहे.

असे इराणी उपासक आपल्या सह्याद्रीतही आले होते. कार्ले येथील एका शिलालेखात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या २४व्या राज्यवर्षी सेतफरणाचा पुत्र हरफरण या उपासकाने महासांघिकांना नऊ खोल्यांचा मंडप दान दिल्याची नोंद आहे. पिता-पुत्रांच्या नावांतील ‘फरण’ हे पद इराणी असल्याचे विद्वान मानतात.

इराणमध्ये मात्र पार्थियनांच्या जागी इ. स. २२४ मध्ये ससानी घराणे सत्तेवर आले आणि अग्निपूजक पुरोहितवर्गाचे वर्चस्व वाढले. या वर्गाचा प्रमुख कर्तीर याने नक्श-ए-रुस्तम येथील लेखात आपली कामगिरी अभिमानाने कोरून ठेवली आहे. दुसऱ्या बहराम राजाच्या काळात (२७४-२९३) साम्राज्यातील यहुदी, श्रमण, ब्राह्मण, ख्रिस्ती व मानीपंथी यांच्यावर प्रहार करण्यात आले आणि मूर्ती नष्ट करण्यात आल्या, असे तो सांगतो. यातील श्रमण म्हणजे बौद्ध होत. पुढे ‘बुंदहिश्न’ या पहलवी ग्रंथात ‘बुत’ हा हिंदुस्थानात पूजिला जाणारा दैत्य ठरविला गेला. मूर्ती या अर्थाने तोच शब्द पुढे फारसीत रूढ झाला.

पूर्वेकडे धम्म अधिक काळ टिकला. इ. स. ६३० च्या सुमारास ह्युएन-त्संग बाल्खला आला, तेव्हा तेथे सुमारे १०० विहार आणि ३,००० भिक्खू होते. या नगरीला लोक ‘छोटे राजगृह’ म्हणत, असे तो लिहितो. तेथील प्रसिद्ध ‘नवविहार’ फारसीत ‘नौबहार’ झाला. त्याच्या प्रमुखास ‘बरमक’ म्हणत. हे संस्कृत ‘प्रमुख’ या शब्दाचे रूप मानले जाते. अरब विजयानंतर या घराण्याने इस्लाम स्वीकारला. त्यातील याह्या बरमकी हा खलिफा हारून-अल्-रशीदचा वजीर झाला. त्याने भारतातील वनौषधी आणि धर्म यांची माहिती मिळविण्यासाठी माणूस पाठविला होता, अशी नोंद दहाव्या शतकातील इब्न-अल्-नदीमच्या ग्रंथसूचीत आहे. इ. स. ८०३ मध्ये खलिफाने हे घराणे सत्तेवरून दूर केले.

धम्माला शेवटचा राजाश्रय मोंगोल काळात लाभला. इराणवर राज्य करणारा अर्घून (१२८४-१२९१) बौद्ध होता. त्याने भिक्खूंना बोलावून विहारांना उदार देणग्या दिल्या. परंतु १२९५ मध्ये त्याचा पुत्र गाझान याने इस्लाम स्वीकारून राज्यपद घेतले आणि बौद्ध मंदिरे पाडण्याचा हुकूम काढला. राजाने उभारलेले राजानेच मोडले. त्यानंतर काही वर्षांनी गाझानचाच वजीर रशीद-उद्-दीन याने कमलश्री या काश्मिरी भिक्खूच्या साहाय्याने आपल्या ‘जामी-उत्-तवारीख’ या इतिहासग्रंथात तथागतांचे चरित्र समाविष्ट केले. फारसी वाचकाला ते मिळाले तेव्हा ते वाचून दाखविणारा संघ त्या भूमीवर उरला नव्हता.

या इतिहासातील दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. अर्घूनचे विहार त्याच्या पुत्राच्या एका हुकुमाने गेले. आन श्वान या व्यापाऱ्याने एका चिनी मित्राबरोबर केलेला अनुवाद मात्र चिनी त्रिपिटकात आजही वाचावयास मिळतो. सोग्दी आणि खोतानी या पूर्वेकडील इराणी भाषांत बौद्ध ग्रंथ लिहिले गेले व त्यांतील काही आजही उपलब्ध आहेत. पश्चिम इराणच्या पहलवीत मात्र असा ग्रंथसंग्रह आढळत नाही. तेथे तथागतांच्या नावाचा अर्थ सांगण्याचे काम त्यांच्या विरोधकांकडे गेले आणि त्यांनी तो आपल्या सोयीने सांगितला. धम्माचे ग्रंथ लोकांच्या भाषेत उतरविणे आणि ते वाचून समजावणारा उपासकवर्ग घडविणे, हे विहार बांधण्याइतकेच निकडीचे कार्य आहे. ‘बुत’ या एका शब्दाच्या इतिहासातून एवढा बोध निश्चितच घेता येतो.