परक्या गुरूचा पहिला हंगाम

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, साऊथ बेंड शहराजवळ, पवित्र मरियेचे नाव धारण करणारे नोटर डेम विद्यापीठ आहे. होली क्रॉस धर्मसंघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली त्याची स्थापना केली. तेथील फुटबॉल आपल्याकडच्या फुटबॉलहून निराळा; लंबगोल चेंडू हाती घेऊन धावण्याचा व फेकण्याचा तो खेळ. आयर्लंड, इटली, पोलंड येथून आलेल्या कॅथलिक कुटुंबांना नव्या देशात उपरे मानले जात होते, त्या काळी या संघाच्या विजयात त्यांना स्वतःचा सन्मान दिसे. विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या कामगारांनी हा संघ आपला मानला होता.

त्या संघाला १९५८ नंतर उतरती कळा लागली. पुढील पाच हंगामांत १९ विजय आणि ३० पराभव त्याच्या वाट्याला आले. १९६३ साली तर नऊ सामन्यांपैकी केवळ दोन जिंकता आले.

त्या डिसेंबरात विद्यापीठाचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग आणि त्यांचे सहकारी फादर एडमंड जॉईस यांनी आरा पार्सेघियन यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. पार्सेघियन यांचे वडील आर्मेनियन, आई फ्रेंच. ते स्वतः प्रेस्बिटेरियन पंथाचे. नोटर डेमचे विद्यार्थीही नव्हेत. उलट नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे प्रशिक्षक असताना त्यांनी याच संघाला सलग चार वर्षे हरवले होते. थोर प्रशिक्षक नूट रॉकनी हेही १९१८ साली नेमणुकीच्या वेळी कॅथलिक नव्हते. पण ते तेथेच शिकलेले होते आणि १९२५ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. पार्सेघियन सर्वार्थाने बाहेरचे होते.

नव्या गुरूंनी जुन्याच मुलांकडे नव्या दृष्टीने पाहिले. मागच्या फळीतील धिप्पाड खेळाडू त्यांनी पुढच्या फळीत आणले. जॉन हुआर्ते याला आधीच्या वर्षांत क्वचितच मैदानात उतरवले गेले होते. चेंडू फेकण्याची मुख्य जबाबदारी त्याच्यावर सोपवली. चेंडू झेलण्यासाठी जॅक स्नो याला टोकाची जागा दिली. स्नोने त्या हंगामात ६० झेल घेतले आणि हुआर्ते देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या हाइसमन पारितोषिकाचा मानकरी ठरला.

२६ सप्टेंबर १९६४ रोजी विस्कॉन्सिनवर ३१–७ असा विजय मिळाला आणि मग विजयांची मालिकाच सुरू झाली. पिट्सबर्गविरुद्ध १७–१५ अशी जेमतेम सुटका झाली. बाकीचे विजय निर्विवाद होते. २१ नोव्हेंबरला आयोवाचा २८–० असा पाडाव झाला, तेव्हा नऊपैकी नऊ सामने जिंकलेले होते.

योगायोग असा, की त्याच २१ नोव्हेंबरला रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ख्रिस्तैक्याविषयीचा आदेश प्रसिद्ध झाला. कॅथलिक ख्रिस्तसभेबाहेरील स्नानसंस्कारितांना बंधू म्हणून आदराने स्वीकारावे, असे त्यात सांगितले होते. या आदेशामुळे नेमणूक झाली असे नव्हे. ती तर वर्षभर आधीची. पण दोन्हींमागे काळाचे एकच वारे वाहत होते.

२८ नोव्हेंबरला मुंबईच्या ओव्हल मैदानावर ३८वी आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद सुरू झाली. त्याच तारखेला लॉस एंजेलिसमध्ये हंगामाचा शेवटचा सामना रंगला. प्रतिस्पर्धी होता दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ. मध्यंतराला नोटर डेमकडे १७–० अशी आघाडी होती. उत्तरार्धात ती वितळत गेली. अवघे दीड मिनिट उरले असता क्रेग फर्टिगने फेकलेला चेंडू रॉड शर्मनने झेलला आणि नोटर डेमचा संघ १७–२० असा हरला. हाती आलेले राष्ट्रीय अग्रस्थान निसटले.

त्या पराभवानंतर परकेपणाचा मुद्दा उगाळून गुरूंना घालवणे सोपे होते. तसे घडले नाही. पार्सेघियन ११ हंगाम तेथे राहिले. १९६६ आणि १९७३ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळाले. २०१७ साली ते निवर्तले, तेव्हा नोटर डेमने त्यांना आपल्या घरच्या माणसासारखा निरोप दिला.

आमच्या धर्मग्रामांत शाळेचा मुख्याध्यापक, पतसंस्थेचा व्यवस्थापक वा क्रीडामंडळाचा प्रशिक्षक निवडताना ‘आपला माणूस’ हा शब्द हटकून येतो. त्यात आपुलकी असते, तशी भीतीही असते. नोटर डेमने आपली प्रार्थना सोडली नाही, मरियेचे नाव सोडले नाही. फक्त दार उघडले. ज्याची स्वतःच्या श्रद्धेवर पकड घट्ट असते, त्याला बाहेरच्या गुणी माणसाचे भय वाटत नाही, एवढे तरी त्या अपुऱ्या हंगामापासून आम्ही शिकावे.