उसन्या हत्याराची तीन वर्षे

लिनक्स ही संगणकप्रणाली आज जगभर चालते, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तिच्या इतिहासातील २००२ ते २००५ हा काळ मात्र फारसा सांगितला जात नाही.

हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली या प्रणालीचा गाभा लिहावयास घेतला आणि त्याची मूळ संहिता सर्वांस खुली ठेवली. देशोदेशींचे जाणकार ई-मेलने दुरुस्त्या पाठवीत. टोरवाल्ड्स त्या एकेक पाहून मूळ संहितेत मिळवीत. कोणी, केव्हा, काय बदलले याची पद्धतशीर नोंदवही नव्हती. महसुलात आयुष्य घालविलेल्या आम्हांस तर हे नामांतरणाच्या पंजीविना गाव चालविण्यासारखे वाटते. काम वाढले, तशा दुरुस्त्या गहाळ होऊ लागल्या.

अखेर २००२ साली टोरवाल्ड्स यांनी 'बिटकीपर' हे साधन स्वीकारले. ते लॅरी मॅकव्हॉय यांच्या बिटमूव्हर कंपनीच्या मालकीचे. संहिता बंद, पण खुल्या प्रकल्पांस वापर विनामूल्य. अट अशी, की वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणारे साधन घडवू नये.

रिचर्ड स्टॉलमन यांनी यास जाहीर विरोध केला. वास्तविक त्यांनीही १९८४ पासून आपले 'ग्नू'चे काम मालकीच्या युनिक्स प्रणालीवरच आरंभिले होते. तिला पर्याय उभा करावयाचा असल्याने तसे करणे क्षम्य, ही त्यांची भूमिका. बिटकीपरच्या अटीने नेमकी हीच वाट बंद केली होती. आमच्या मते वादाचे मर्म येथे आहे. फुकट की विकत, हा प्रश्न गौण. तथापि टोरवाल्ड्स यांना सर्वस्वी दोष देणेही आम्हांस रुचत नाही. त्या साधनाने काम खरोखरच वेगाने पुढे गेले आणि प्रत्येक कार्यकर्त्यापाशी संपूर्ण इतिहासाची प्रत असावी, ही रीत अंगवळणी पडली.

'साम्बा'चे कर्ते अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपर कधी वापरलेच नव्हते, म्हणून ते त्या अटीने बांधलेले नव्हते. त्यांनी टेलनेटने त्याच्या सर्व्हरशी संपर्क साधून 'हेल्प' एवढाच शब्द टंकित केला. सर्व्हरने आज्ञांची यादीच पुढे ठेवली! त्यावरून ते स्वतंत्र साधन लिहू लागताच कंपनीने एप्रिल २००५ मध्ये विनामूल्य आवृत्ती बंद करीत असल्याचे जाहीर केले. टोरवाल्ड्स रागावले ते ट्रिजेल यांच्यावर.

परंतु ३ एप्रिलला त्यांनी स्वतःच 'गिट' लिहावयास घेतले आणि ७ एप्रिलला गिटची संहिता गिटमध्येच नोंदली जाऊ लागली. जूनमध्ये प्रसिद्ध झालेली गाभ्याची २.६.१२ ही आवृत्ती त्यावरच सांभाळली गेली. जुलैत गिटची धुरा जुनियो हमानो यांच्याकडे गेली. मॅट मॅकॉल यांचे 'मर्क्युरिअल' याच प्रसंगातून जन्मले. बिटकीपरची संहिता २०१६ साली खुली झाली, तोवर जग गिटकडे वळले होते.

त्याच गिटवर २००८ साली 'गिटहब' उभे राहिले. ते मात्र बंद संहितेचे; २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरला घेतले. असंख्य खुले प्रकल्प आज तेथे नांदतात. संहितेचा इतिहास प्रत्येकाच्या घरी असतो, तेवढी तजवीज गिटने करून ठेवली आहे. तक्रारी, सूचना व चर्चा यांचे दप्तर मात्र कंपनीच्याच कोठारात राहते.