संपाचे गाणे आणि अमेरिकेतील तरुण पिढी



अमेरिकेतील तरुणांच्या बंडाचा विषय निघाला की लांब केस, गिटार, गांजा आणि १९६९ सालच्या वूडस्टॉकचा चिखल यांपलीकडे आपल्याकडचे बोलणे सहसा जात नाही. त्यावर बोलायला आमच्याहून जाणकार वक्ते या व्यासपीठाला मिळतील. आमची शाळा दहावीत सुटली, पुढचे वाचन पाळी संपल्यावर आणि युनियनच्या कामातून सवड मिळेल तसे झाले. संगीतशास्त्रातला अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु या सबंध प्रकरणात एक गाणे असे आहे की जे कारखान्याच्या फाटकावर घडले, आणि त्याच्या मागून चालत गेले म्हणजे अमेरिकेतील कामगार व तेथील तरुण एकमेकांस कोठे भेटले आणि कोठे चुकले, हे बरेचसे उमगते.

ते गाणे आपणही म्हटलेले आहे. ‘हम होंगे कामयाब’ हे गिरिजाकुमार माथुरांनी केलेले त्याचे हिंदी रूप आमच्या पिढीने शाळेच्या पटांगणात प्रार्थनेसारखे म्हटले. पुढे एका बंद पडलेल्या कारखान्यापुढे ग्रॅच्युइटीसाठी धरणे चालू असता पोरांनी तेच सुरू केले, तेव्हा पॅकिंग खात्यातल्या एक बाई आम्हांस म्हणाल्या, “दादा, हे तर शाळेतलं गाणं. इथं कसं काय?” आम्हांस उत्तर देता आले नाही. ते शोधायला पुढे बरीच वर्षे लागली.

दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्स्टन बंदरात अमेरिकन टोबॅको कंपनीचा सिगारचा कारखाना होता. कामगारांत काळ्या स्त्रियांची संख्या मोठी. ऑक्टोबर १९४५ मध्ये, महायुद्ध संपून दोन महिने होतात न होतात तोच, हजारावर कामगार बाहेर पडले. मागणी पगारवाढीची आणि भेदभाव थांबविण्याची. संप सुमारे पाच महिने चालला. हिवाळ्याचे दिवस, त्यात पाऊस. ज्यांनी लांबलेला संप पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको: पहिल्या महिन्यात घोषणा असतात, दुसऱ्यात उधारी मिळते, तिसऱ्यात वाणी ओळख दाखवीत नाही. अशा वेळी भाषण उपयोगी पडत नाही. लुसिल सिमन्स नावाची एक कामगार स्त्री दिवस मावळताना, घरी परतण्याच्या वेळी, चर्चमधले एक जुने भजन अगदी संथ लयीत म्हणत असे. त्या भजनात ‘मी’ होता. फाटकावर त्याचा ‘आम्ही’ झाला. गाण्याची सारी पुढची कहाणी या एका सर्वनामाच्या बदलातून निघाली आहे, असे आमचे मत आहे. संपातून पदरात पडले ते मागणीच्या मानाने थोडेच.

टेनेसी राज्यातील डोंगरात १९३२ पासून हायलँडर फोक स्कूल नावाची कामगार-कार्यकर्त्यांची शाळा चालू होती. चार्ल्स्टनच्या काही संपकरी स्त्रिया १९४६ मध्ये तेथे आल्या आणि त्यांनी हे गाणे बरोबर आणले. शाळेचे संस्थापक माइल्स हॉर्टन यांच्या पत्नी झिल्फिया हॉर्टन तेथे गाणी शिकवीत. त्यांनी ते उचलले आणि पीट सीगर या गायकास दिले. ‘वी शॅल ओव्हरकम’ हे आज जगाला माहीत असलेले रूप येथून पुढचे.

आता जे घडले ते सांगताना आम्हांस, युनियनवाले म्हणून, थोडी मान खाली घालावी लागते. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर आपण कम्युनिस्ट नसल्याची शपथपत्रे देण्याची सक्ती केली. सरकारने आणि मालकांनी दबाव आणला हे खरे. परंतु १९४९-५० मध्ये ११ युनियनना बाहेर काढण्याचे काम सीआयओ या कामगारांच्याच मध्यवर्ती संघटनेने केले. त्यांत चार्ल्स्टनच्या तंबाखू कामगारांची युनियनही होती. काळ्या स्त्रियांना पुढारीपण देणारी अशी दुसरी युनियन त्या भागात शोधूनही सापडली नसती. काढलेल्यांच्या नेत्यांत कम्युनिस्ट होते, आणि मॉस्कोकडे पाहून त्यांनी कोलांट्याही मारल्या. सीगर आणि वुडी गथ्री ज्या आल्मनॅक सिंगर्स या मंडळीत होते, त्या मंडळीने १९४१ च्या वसंतात युद्धविरोधी गाण्यांच्या तबकड्या काढल्या आणि जूनमध्ये हिटलरने रशियावर स्वारी करताच त्या मागे घेतल्या! हे लपविण्यात अर्थ नाही. पण म्हणून ज्या बायका पाच महिने पावसात उभ्या राहिल्या त्यांची युनियन बुडवायची? चळवळीने आपले गाणे आपल्याच हाताने उंबऱ्याबाहेर ठेवले, ते येथे.

गाणाऱ्यांचीही तीच गत झाली. सीगर यांच्या ‘द वीव्हर्स’ या चौकडीचे ‘गुडनाइट आयरीन’ १९५० साली कित्येक आठवडे देशात पहिल्या क्रमांकावर होते. ज्याच्याकडून ते त्यांनी घेतले तो काळा गायक लेड बेली आदल्या वर्षीच वारला होता. हे यश त्याला दिसले नाही. लवकरच वीव्हर्सचे नाव काळ्या यादीत गेले व कार्यक्रम बंद पडले. ऑगस्ट १९५५ मध्ये सीगर यांना संसदेच्या चौकशी समितीपुढे उभे केले. त्यांनी आपली मते व सोबती यांविषयी बोलण्याचे नाकारले. १९६१ साली एक वर्षाची शिक्षा झाली, ती पुढील वर्षी अपिलात रद्द झाली. मधल्या काळात ते कॉलेजांतून आणि शाळांतून, मिळेल त्या बिदागीवर गात हिंडले. ज्या मुलांनी पुढे १९६० नंतर गिटार हाती घेतली, त्यांतील कितीकांनी हा मनुष्य प्रथम तेथे ऐकला. बंदीने असेही उपकार होतात.

याच सुमारास तरुण हा स्वतंत्र गिऱ्हाईक झाला होता. १९४९ मध्ये पंचेचाळीस फेऱ्यांची लहान, स्वस्त तबकडी आली. १९५४ च्या अखेरीस खिशात मावणारा ट्रान्झिस्टर आला आणि पोराचे गाणे बापाच्या दिवाणखान्यातून सुटले. त्या गाण्याचा माल काळ्या कष्टकऱ्यांच्या वस्तीतला होता. चक बेरी हे सेंट लुइस येथे मोटारीच्या कारखान्यात काम केलेले. १९५५ साली त्यांचे ‘मेबलीन’ गाजले, तेव्हा तबकडीवर कर्ते म्हणून त्यांच्याबरोबर आणखी दोन नावे छापलेली होती; त्यांतला एक ॲलन फ्रीड, म्हणजे रेडिओवर ती तबकडी वाजविणाराच! ती नावे निघायला १९८६ साल उजाडले. मुकादमाने हजेरीतला हिस्सा खावा तसाच हा प्रकार. सिनेमा-रेडिओच्या झगमगाटात तो दिसत नाही इतकेच.

हायलँडरमध्ये १९५९ साली गाय कॅरावान हा तरुण गाणी शिकवायला आला. एप्रिल १९६० मध्ये रॅले येथे, हॉटेलांतील वर्णभेदाविरुद्ध ठिय्या देणाऱ्या विद्यार्थ्यांची संघटना स्थापन झाली, त्या बैठकीत त्याने हे गाणे म्हटले आणि मुलांनी ते आपले केले. टेनेसी सरकारने १९६१ मध्ये शाळेची सनद रद्द करून इमारत जप्त केली, पण गाणे तोवर तुरुंगांतून फिरू लागले होते. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला अडीच लाख लोकांपुढे ते जोन बाएझ हिने म्हटले. त्या मोर्चाच्या नावात ‘स्वातंत्र्य’ या शब्दाच्या आधी ‘रोजगार’ हा शब्द होता, व त्याचे प्रमुख ए. फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांतील काळ्या नोकरांच्या युनियनचे पुढारी. तरीही मध्यवर्ती कामगार महासंघाने मोर्चास पाठिंबा दिला नाही. मोटार कामगारांचे वॉल्टर रॉयथर मात्र व्यासपीठावर गेले. आदल्या वर्षी जून महिन्यात विद्यार्थ्यांच्या एसडीएस या संघटनेने आपला पोर्ट ह्यूरनचा जाहीरनामा लिहिला, तोही मोटार कामगार युनियनच्याच शिबिराच्या जागेत. दोघांची भेट झाली होती ती अशी.

मग चुकामूक कशी झाली? आमच्या समजुतीने उत्तर व्हिएतनाममध्ये आहे. कॉलेजात नाव असेल तर सक्तीच्या लष्करभरतीतून सवलत मिळे. गवंड्याच्या आणि सुताराच्या मुलाला ती मिळत नसे. ज्याचा मुलगा आघाडीवर आहे त्याला, ज्याचा मुलगा नाही तो युद्धाविरुद्ध झेंडा घेऊन फिरताना दिसला, तर राग येणार. विद्यार्थी खोटे बोलत नव्हते, युद्ध वाईटच होते. पण त्यांतल्या फार थोड्यांनी त्या बापाच्या दाराची कडी वाजविली. ऑगस्ट १९६९ मध्ये वूडस्टॉकच्या त्या चिखलात बाएझने, १९१५ साली युटा राज्यात गोळ्या घालून देहान्त दिलेल्या जो हिल या कामगार-शाहिरावरचे गाणे म्हटले आणि शेवटी आपले हे चार्ल्स्टनचे. नऊ महिन्यांनी, ४ मे १९७० रोजी, केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांनी चार विद्यार्थी मारले. त्याचा निषेध करणाऱ्या मुलांवर ८ मे रोजी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीट भागात इमारत कामगार धावून गेले. डोक्यावरची शिरस्त्राणे काढून त्यांनी ती मुलांच्या डोक्यात घातली. सत्तरच्या आसपास लोक जखमी झाले. पुढे त्या कामगारांचे पुढारी अध्यक्ष निक्सन यांना भेटावयास गेले आणि त्यांना एक शिरस्त्राण नजर केले. त्यांतील पीटर ब्रेनन १९७३ मध्ये मजूरमंत्री झाले. हा प्रसंग वाचला त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

गाण्याच्या मालकीचे सांगायचे राहिले. १९६० व १९६३ साली त्याचा कॉपीराइट नोंदविला गेला. नावे झिल्फिया हॉर्टन, सीगर, कॅरावान आणि फ्रँक हॅमिल्टन यांची. पैसा त्यांनी स्वतः घेतला नाही, तो हायलँडरमार्फत काळ्या लोकांच्या कार्याला जाई, हे सांगणे न्यायाचे आहे. न्यायालयात दावा होऊन २०१८ साली तडजोड झाली आणि गाणे सर्वांसाठी मोकळे झाले. नोंदीतल्या त्या चार नावांत लुसिल सिमन्स नव्हती. चार्ल्स्टनचा तो कारखाना केव्हाच बंद पडला. लाल विटांची इमारत उभी आहे, आत आता कचेऱ्या आणि दुकाने आहेत, आणि बाहेर संपाची माहिती देणारा फलक लावलेला आहे.