लाल गोळीची मुंबईतली गोष्ट

"डॉक्टर, त्या लाल गोळीने मळमळतं. चांगलं जेवलं तर नाही का चालणार?" अंबडला गरोदर महिलांना तपासताना हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्या गोळीत लोह असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्यात फॉलिक ॲसिडही असते, आणि त्याच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईत झाली.

१९२८ साली लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना तेव्हा एक जीवघेणा रक्तक्षय होत असे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी कमी होत आणि नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी वेगवेगळ्या थरांतील स्त्रियांच्या जेवणाची पाहणी केली. ज्यांचे जेवण सर्वांत निकस, त्या गरीब मुस्लिम स्त्रियांत हा आजार जास्त आढळला.

मग १९२९ मध्ये दक्षिणेतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेत त्यांनी पांढऱ्या उंदरांना तसाच निकस आहार दिला. गाभण माद्यांना रक्तक्षय झाला आणि त्या विण्याआधीच मेल्या. आहारात यीस्ट मिसळल्यावर मात्र रक्तक्षय टळला. पुढे लक्षात आले की उंदरांना उवांमुळे संसर्ग झाला होता, म्हणजे निकाल पक्का नव्हता. विल्स थांबल्या नाहीत. त्यांनी माकडांवर पुन्हा प्रयोग केले. मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क रुग्ण स्त्रियांना दिला आणि त्या बऱ्या होऊ लागल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले.

यीस्टमधला तो गुणकारी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान, त्यावरून हे नाव पडले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. पालेभाज्या आणि डाळी जरूर खा. पण भाजी फार वेळ शिजवली किंवा उकळून पाणी फेकून दिले, तर त्यातले बरेचसे फॉलिक ॲसिड जाते. गरोदरपणात गरजही वाढते. म्हणून जेवणासोबत गोळी हवीच.

बाळंतपणानंतरही ती सोडू नका. आईच्या आहारात फॉलिक ॲसिड कमी पडले, तरी दुधात ते सहसा कमी होत नाही, कारण शरीर आईच्या साठ्यातून ते पुरवते. बाळ वाढते, आईचा साठा मात्र रिता होतो. त्यामुळे बाळंतपणानंतर १८० दिवस गोळी चालू ठेवायची असते.

मूल हवे असेल, तर दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी फॉलिक ॲसिड सुरू करा. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.

मळमळ होत असेल, तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या, चहासोबत नको. तरीही त्रास झाला, तर गोळ्या कपाटात ठेवून देऊ नका. डॉक्टरांना सांगा, मार्ग निघतो.